पन्नाशीनंतर नवा धंदा : कुत्र्यांना वळण लावणे

शेतकऱ्याला पेन्शन नसते आणि निवृत्तीही नसते, असे आपण म्हणतो. परंतु पन्नाशी-पंचावन्न गाठली की खरी परिस्थिती हळूहळू ध्यानात येऊ लागते. जमीन भावाभावांत वाटली जाते. गोठ्यातली बैलजोडी जाते आणि भाड्याचा ट्रॅक्टर येतो. मुलगा कारभार हाती घेतो व म्हणतो, "बाबा, तुम्ही आता उन्हात येऊ नका." कंबरही पूर्वीसारखी साथ देत नाही. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे जनावरांशी बोलत दिवस काढले, त्याच्या हातात एकाएकी काहीच उरत नाही. कारखान्यातून किंवा फौजेतून घरी परतलेल्या आपल्या भावांचेही पुष्कळदा असेच होते. हातात बळ आहे, अंगी अनुभव आहे, पण काम नाही.

अशा वयात कोणता नवा उद्योग करावा? कोंबड्या, मधमाश्या, अळिंबी हे विषय नेहमी चर्चेत असतात. आज एका निराळ्याच धंद्याविषयी लिहीत आहोत. तो म्हणजे दुसऱ्यांच्या कुत्र्यांना वळण लावण्याचा धंदा. ऐकून कुणी हसेल. "कुत्र्याला काय शिकवायचे? दाराशी बांधला की झाले!" असेही कुणी म्हणेल. पण जरा थांबून विचार करावा.

शहरांत आज पुष्कळ घरी हौसेने कुत्रे आणतात. बंगल्यात आणतात, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतही आणतात. पिल्लू असते तोवर सगळे लाड करतात. सहा-आठ महिन्यांत तेच पिल्लू वीस-पंचवीस किलोचे होते. फिरायला नेले तर मालकालाच ओढत नेते, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारते आणि एखाद्या दिवशी मोलकरणीच्या किंवा शेजारच्या मुलाच्या हाताला दात लावते. मग घरचे घाबरतात. कुत्रा चोवीस तास साखळीला जातो, आणि साखळीला बांधून बांधून अधिकच चिडखोर होतो. शेवटी कुणीतरी त्याला गाडीत घालून दूरच्या गावच्या रस्त्यावर सोडून येतो. तो रस्ता पुष्कळदा आपल्याच शेताकडचा असतो, आणि त्याचा उपद्रव आपल्याच शेळ्यांना व मुलांना होतो.

यात कुत्र्याची चूक थोडी असते. त्याला घरात कसे वागावे हे कुणी शिकवलेच नव्हते. ते शिकवू शकणाऱ्या शहाण्या माणसाची म्हणूनच गरज आहे. त्या माणसाला डोक्यावर काळे केस असलेच पाहिजेत, असे मुळीच नाही.

एका बाईंची हकिकत

इंग्लंडमध्ये बार्बरा वुडहाऊस नावाच्या एक बाई होऊन गेल्या. त्यांचा जन्म १९१० साली आयर्लंडमध्ये झाला. वडील डब्लिनजवळच्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. बार्बरा नऊ वर्षांच्या असताना ते वारले आणि आई मुलांना घेऊन इंग्लंडला ऑक्सफर्डजवळ राहायला आली. पुढे या मुलीने हार्पर ॲडम्स या शेतकी महाविद्यालयात शिक्षण घेतले. मुलींनी शेतकी शिकण्याचे ते दिवस नव्हते. नंतर ती दक्षिण अमेरिकेत आर्जेंटिनाला गेली व तिथल्या मोठमोठ्या कुरणांवर राहून तिने रानटी घोड्यांना खोगिराची सवय लावण्याचे काम केले. १९४० साली तिचे एका डॉक्टरांशी लग्न झाले. तीन मुले झाली. घरी दुभत्या गाई होत्या, घोडे होते, मोठे कुत्रे होते. थोडक्यात, चारचौघींसारखाच पण जनावरांत रमलेला संसार.

१९५१ साली, म्हणजे चाळिशी उलटल्यावर, वुडहाऊसबाईंनी लोकांच्या कुत्र्यांना शिकवण्याचे वर्ग सुरू केले. हजारो कुत्री त्यांच्या हाताखालून गेली. स्वतःच्या कुत्र्यांना घेऊन त्यांनी चित्रपटही केले. तरी त्यांचे नाव खऱ्या अर्थाने घरोघर पोचले ते १९८० साली. त्या वर्षी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर त्यांची दहा भागांची मालिका दाखवली गेली. तेव्हा त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. लोकरी घागरा घातलेल्या, खणखणीत आवाजाच्या या आजीबाई कुत्र्याला "सिट्" म्हणत, तो शब्द इंग्लंडातल्या पोराटोरांच्या तोंडी बसला. १९८८ साली त्यांचे निधन झाले.

या हकिकतीतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे बाईंनी चाळिशीनंतर धंदा बदलला खरा, पण पाटी कोरी करून बदलला नाही. गाई-घोड्यांत जे शिकल्या तेच भांडवल त्यांनी नव्या कामात घातले. दुसरी गोष्ट अशी की त्यांच्या वर्गात कुत्र्यापेक्षा मालकालाच अधिक बोलणी बसत. वाईट कुत्रा असा नसतोच, अडाणी मालक असतो, हे त्यांचे ठाम मत होते आणि त्यांच्या एका पुस्तकाचे नावही त्याच अर्थाचे आहे. कुत्र्याला शिकवणारा माणूस खरे म्हणजे माणसांचा शिक्षक असतो. या धंद्यात उतरू पाहणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावे.

जे आज सोडून द्यायला हवे

बाईंची एक गोष्ट मात्र आज घेण्यासारखी नाही. त्या कुत्र्याच्या गळ्यात आवळणारी साखळी घालीत, चुकले की तिला झटका देत आणि लगेच तोंडभर शाबासकी देत. त्या काळी बहुतेक ठिकाणी हीच रीत होती. पोलिसांच्या व सैन्याच्या कुत्र्यांना शिकवण्याच्या जुन्या पद्धतींतून ती आलेली होती. आता या विषयाचा बराच अभ्यास झाला आहे. झटक्याने मानेला व श्वासनळीला इजा होते. शिवाय भीतीने शिकलेले जनावर पुढे कधी उलटेल याचा नेम नसतो. अमेरिकेतील पशुवैद्यांच्या, प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या संघटनेने २०२१ साली स्पष्ट सांगितले आहे की, कुत्र्यांना शिकवताना बक्षिसाचीच पद्धत वापरावी, मारझोड व वेदना देणारी साधने वापरू नयेत. विजेचा झटका देणारे गळपट्टे तर वेल्स देशाने २०१० सालीच कायद्याने बंद केले.

मग झटका न देता कुत्रा ऐकणार कसा? याचे उत्तर समुद्रातून आले. अमेरिकेतील कॅरन प्रायर या बाई १९६३ च्या सुमारास हवाई बेटावर डॉल्फिन माशांना खेळ शिकवू लागल्या. (डॉल्फिनला आपण मासा म्हणतो, वास्तविक तो पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे.) डॉल्फिनच्या गळ्यात दोरी घालता येत नाही, त्याला काठीही मारता येत नाही. रागावलात तर तो पोहत दूर निघून जातो. तेव्हा एकच उपाय उरतो. त्याने हवे ते केले की त्याच क्षणी शिटी वाजवायची आणि मासळी द्यायची. शिटी म्हणजे "हे बरोबर केलेस" अशी खूण. प्रायरबाईंनी हा अनुभव १९८४ साली पुस्तकात लिहिला. १९९२ च्या सुमारास, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी कुत्री शिकवणाऱ्यांचे वर्ग घेण्यास आरंभ केला. शिटीच्या जागी "टिक्" असा आवाज करणारी लहानशी डबी आली. तिला क्लिकर म्हणतात. आज ही पद्धत जगभर चालते. प्रायरबाई २०२५ साली ९२ व्या वर्षी वारल्या.

एकीने चाळिशीनंतर आणि दुसरीने साठीत हे काम हाती घेतले. दुसरीने तर साऱ्या धंद्याची रीतच पालटली.

बैलाची विद्या कुत्र्याला

आपल्या शेतकऱ्याला यातले पुष्कळ आधीच ठाऊक असते. नवा खोंड जुंपायचा तेव्हा आपण काय करतो? पहिल्याच दिवशी त्याच्या मानेवर नांगराचा भार टाकीत नाही. आधी त्याला शहाण्या बैलाच्या जोडीला उभा करतो. रिकामे जू मानेवर ठेवून थोडे चालवतो. मग हलका ओंडका ओढायला देतो. एकच हाक रोज त्याच अर्थाने देतो. दमला की सोडतो, पाठीवर हात फिरवतो, मूठभर पेंड पुढे करतो. कामाचे लहान लहान तुकडे करावेत, घाई करू नये, जनावराचे कान, डोळे व शेपटी बघून त्याच्या मनातले ओळखावे. ही विद्या शहरातल्या शिकलेल्या तरुणाला वर्षभर पुस्तके वाचून मिळणार नाही.

पण खरे बोलायचे तर आपल्यातच आणखी एक सवय मुरलेली असते. जनावर अडले की हात आपोआप पराणीकडे जातो. कुत्र्याने चूक केली की पायातले काढून फेकून मारणे, हे तर आपल्या अंगणात रोज दिसते. पन्नाशीनंतर या धंद्यात येणाऱ्याला नवे शिकण्यापेक्षा हे जुने विसरणेच अवघड जाते. ज्याला ते जमणार नाही त्याने दुसरा उद्योग पाहावा. कारण मार खाल्लेला कुत्रा शिक्षकासमोर गप्प बसतो आणि शिक्षकाची पाठ वळली की घरातल्या सर्वांत लहान मुलावर राग काढतो.

पहिला धडा

रीत कशी असते याचा अंदाज यावा म्हणून "बस" हा धडा सांगतो. कुत्रा थोडा भुकेला असावा. भाकरीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करून घ्यावेत. एक तुकडा चिमटीत धरून त्याच्या नाकासमोर न्यावा व हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. नाक वर जाते तसे बूड आपोआप खाली टेकते. टेकले त्याच क्षणी "शाब्बास" म्हणावे व तुकडा द्यावा. क्षण चुकला, कुत्रा उठल्यावर तुकडा दिला, तर तो उठायला शिकेल. त्याच्या पाठीवर दाब देऊन त्याला बसवू नये. आठ-दहा वेळा असे झाले की मग हात वर नेण्याआधी "बस" हा शब्द उच्चारावा. पुढे हातातला तुकडा काढून घ्यावा, नुसती खूण ठेवावी, आणि तुकडा कधी द्यावा, कधी नुसती शाबासकी द्यावी. शिकवणी पाच मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा. त्याहून अधिक वेळ ताणू नये.

ध्यानात ठेवण्याच्या आणखी काही गोष्टी अशा :

१. घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा. बाबा "बस" म्हणतात, मुलगी "सिट" म्हणते आणि आजी "खाली" म्हणते, तर कुत्र्याने काय समजावे?

२. कुत्रा दोरी ओढू लागला की जागीच उभे राहावे. दोरी सैल झाली की पुन्हा चालू लागावे. ओढून पुढे जाता येत नाही हे त्याला काही दिवसांत कळते. गळपट्टा रुंद असावा किंवा छातीवरून जाणारा पट्टा वापरावा.

३. "ये" म्हणून बोलावून कधीही मारू नये. एकदा तसे झाले की तो पुन्हा बोलावल्यावर येणार नाही.

४. गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नये. गुरगुरणे ही कुत्र्याची सूचना आहे. ती मारून बंद केली तर कुत्रा सूचना न देताच चावायला शिकतो. अंग ताठ करणे, तोंड फिरवणे, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, डोळ्यांतला पांढरा भाग दिसणे ही तर गुरगुरण्याच्याही आधीची लक्षणे आहेत. ती दिसली की मागे सरावे व मुलांना दूर घ्यावे.

५. उन्हात शिकवू नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. जमिनीवर आपल्या हाताची मागची बाजू टेकवून पाहावी. हाताला चटका बसत असेल तर त्याच्या पायालाही बसतो.

६. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट कुत्र्याला देऊ नये. कोंबडीची शिजलेली हाडेही फुटून आतड्यात रुततात.

पिल्लांविषयी एक महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेतील स्कॉट व फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की साधारण तीन ते बारा आठवड्यांच्या वयात पिल्लाचे मन सर्वांत मोकळे असते. या काळात ज्या माणसांची, आवाजांची व जनावरांची गोड ओळख होते त्यांची भीती पुढे वाटत नाही. हा काळ निसटला तर मग गाठ सोडवायला कित्येक महिने लागतात. म्हणून पिल्लाला काखेत घेऊन बाजार, मोटारी, दाढीवाले, टोपीवाले, काठी टेकणारे असे सर्व दाखवावे. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर जमिनीवर मात्र सोडू नये. आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये.

सर्व कुत्र्यांना एकच माप लावूनही चालत नाही. अल्सेशियन माणसाच्या तोंडाकडे बघत काम करतो. आपल्या भागाजवळच्या, बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचा शिकारी कुत्रा नजर दूर रानावर ठेवतो आणि ससा दिसला की वाऱ्यासारखा सुटतो. म्हणून तो मठ्ठ ठरत नाही. २०१६ साली भारतीय सैन्याने मुधोळची पिल्ले मेरठला नेऊन त्यांना शिकवण्यास आरंभ केला. त्याला मोकळ्या मैदानात सोडण्याआधी लांब दोरीवर पुष्कळ सराव द्यावा लागतो, एवढेच.

शिकायचे कोठे?

सैन्याचे केंद्र मेरठला आहे. सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे १९७० पासून आहे. ही केंद्रे फौजा व पोलिसांसाठी आहेत. तुम्हा-आम्हाला तिथे नाव घालता येणार नाही. परंतु कुत्रे हाताळण्याचे काम केलेले जवान निवृत्त होऊन गावी येतात. असा कुणी ओळखीत असेल तर त्याच्यापासून पुष्कळ शिकता येईल. मात्र बाँब हुडकणाऱ्या कुत्र्याचे काम वेगळे आणि घरात तीन मुलांबरोबर राहणाऱ्या कुत्र्याचे काम वेगळे, हे विसरू नये.

बहुतेकांना हे काम एखाद्या जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली राहूनच शिकावे लागते. आपल्याकडे या धंद्याला परवान्याची अट नाही. त्यामुळे कुणीही पाटी लावतो, आणि गुरू निवडताना फसगत होते. त्यासाठी दोन प्रश्न विचारावेत. पहिला : "तुम्ही शिकवता तेव्हा मला बसून बघता येईल का?" जो नाही म्हणतो त्याच्यापासून दूर राहावे. दुसरा : "कुत्र्याने ऐकले नाही तर तुम्ही काय करता?" "धडा सोपा करून पुन्हा घेतो" असे उत्तर आले तर तो माणूस चांगला. "मग मी त्याला दाखवतो!" असे आले तर नमस्कार करून परत यावे. महिनाभर कुत्रा स्वतःकडे ठेवून "तयार करून" देणारेही असतात. कुत्रा त्यांच्याकडे ऐकतो, घरी आला की पुन्हा पहिल्यासारखा वागतो, कारण घरच्यांना कुणी शिकवलेलेच नसते.

गुरू मिळेपर्यंत घरच्या कुत्र्यावर, मग शेजाऱ्यांच्या दोन-चार कुत्र्यांवर फुकट काम करावे. जवळ एखादा प्राण्यांचा निवारा असेल तर आठवड्यातून दोन दिवस तिथे सेवा द्यावी. भित्री, मार खाल्लेली, चावरी अशी सर्व तऱ्हेची कुत्री तिथे एकत्र भेटतात. वर्षभरात किती वेळा मनात राग आला व तो कसा गिळला, याचीही वहीत नोंद ठेवावी. गिऱ्हाइकापुढे उभे राहताना ती वही कामास येईल.

आणखी एक गोष्ट माणसांची. गिऱ्हाइकाच्या घरी आजोबा कुत्र्याला लपून पोळी देतात, मुलगा त्याला चिडवतो, बाई त्याला घाबरते. हे सर्व हळुवारपणे सांगावे लागते. इथे पिकल्या वयाचा उपयोग होतो. वीस वर्षांच्या पोराने सांगितले तर घरातले वडील ऐकून घेणार नाहीत. आपल्या वयाच्या माणसाने, चहा घेता घेता सांगितले तर ऐकतात. "काका, तुम्ही म्हणता तसे करून पाहू," असे म्हणतात. आपल्या भगिनींनाही हे काम चांगले जमते, कारण घरात एकट्या असलेल्या गृहिणीला बाईच शिकवायला आली तर बरे वाटते.

घरचा हिशोब

या धंद्यात भांडवल थोडे लागते. दोन-तीन चांगले पट्टे, एक लांब दोरी, खाऊची पिशवी आणि जाण्यायेण्याचा खर्च. परंतु उत्पन्न नियमित नसते. एका महिन्यात चार कुत्री मिळतील, दुसऱ्या महिन्यात एकही नाही. पावसाळ्यात मैदानावरचे काम अडते. म्हणून पहिली दोन वर्षे तरी शेताचा वाटा, गाय किंवा हातातले दुसरे काम सोडू नये. कर्ज काढून कुत्र्यांसाठी खोल्या बांधण्याच्या भरीस तर मुळीच पडू नये. जमीन विकून या धंद्यात येऊ नये, हे वेगळे सांगायला नको. आणि पत्नीशी, मुलांशी आधी बोलून घ्यावे. शहर दूर असेल तर सकाळ-संध्याकाळ घराबाहेर जाणार, आणि घरचे दूध कोण काढणार हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहील.

शरीराचाही हिशोब मांडावा. तीस किलोच्या कुत्र्याने एकदम झेप घेतली तर साठीचा माणूस पडतो व खुब्याचे हाड मोडते. दोरी कधीही हाताला किंवा बोटांना गुंडाळू नये. बोटे मोडतात. पायात न घसरणारे बूट असावेत. आरंभी लहान व मध्यम कुत्रीच घ्यावीत. चावरा म्हणून नाव झालेला कुत्रा पहिल्या वर्षी मुळीच घेऊ नये, कितीही पैसे देऊ केले तरी.

आरोग्य : यात हयगय नको

कुत्र्यांत वावरणाऱ्याने रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी. आपल्याकडे साधारणपणे पहिल्या, सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी अशी तीन इंजेक्शने देतात. डॉक्टरांना विचारून ती घ्यावीत. धनुर्वाताचे इंजेक्शनही वेळच्या वेळी घ्यावे. ज्या कुत्र्याला शिकवायचे त्याच्या लसीचे कार्ड पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये. कुत्र्याला पहिली रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर, मग पशुवैद्य सांगतील तेव्हा दुसरी आणि पुढे दरवर्षी देतात.

तरीही दात लागला तर जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी. तिच्यावर हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नये. डाग देऊ नये. मग त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने देत, त्या भीतीने आजही कित्येकजण दवाखाना टाळतात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ साली बंद झाली. आता इंजेक्शने दंडात देतात. स्नायूत दिली तर पाच : ज्या दिवशी सुरू केली तो दिवस, मग तिसरा, सातवा, चौदावा व अठ्ठाविसावा. कातडीत दिली तर चौदाव्या दिवसाची खेप लागत नाही. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे तयार औषधही भरावे लागते. ज्याने आधी लस घेतलेली आहे त्याला त्या औषधाची गरज नसते. चावल्याच्या दिवशी व तिसऱ्या दिवशी अशी दोन इंजेक्शने पुरतात. पण ती घ्यावीच लागतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी लस घेतली तर तो वाचतो. मुलांना ओरखडा जरी आला तरी त्यांनी तो लपवू नये, घरी सांगितल्यावर मार मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

शेळ्या-मेंढ्या कापल्यावर त्यांची कच्ची आतडी, यकृत, फुप्फुसे कुत्र्यापुढे टाकू नयेत. त्यातून एका प्रकारचे जंत कुत्र्याच्या पोटात जातात. त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून आपल्या हातातोंडाला लागली तर माणसाच्या यकृतात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. पशुवैद्याच्या सल्ल्याने कुत्र्याला ठरावीक दिवसांनी जंताचे औषध द्यावे, आणि कुत्र्याला हात लावल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवावेत.

आजच आरंभ

हा धंदा सर्वांसाठी नाही. परंतु जनावरांची आवड आहे, राग आवरता येतो आणि माणसांशी गोड बोलता येते, त्याला वय आडवे येत नाही. वुडहाऊसबाईंना वयाची अडचण झाली नाही, प्रायरबाईंनाही झाली नाही.

आपल्या अंगी हे आहे की नाही, याची परीक्षा घेण्यास पैसा लागत नाही. आज संध्याकाळी दाराशी बांधलेल्या आपल्याच कुत्र्याची साखळी सोडा, हातात भाकरीचा तुकडा घ्या, आणि तीन आठवडे, रोज पाच मिनिटे, वर सांगितलेला "बस"चा धडा द्या. या तीन आठवड्यांत एकदाही हात उगारायचा नाही, एकदाही ओरडायचे नाही. एकविसाव्या दिवशी कुत्रा किती शिकला हे पाहा, आणि आपण किती शिकलो हेही पाहा. मग पुढचा विचार घरच्या माणसांबरोबर बसून करा. धंदा पुढे झाला किंवा न झाला, तरी साखळीतून सुटलेला व शहाणा झालेला एक कुत्रा आपल्या अंगणात राहील, आणि शेजारच्या मुलांना आपल्या दारावरून जाताना भीती वाटणार नाही.